हिरव्या खुणेवर विश्वास नसलेल्या आक्का

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आजवर जेवढी माणसं पोटापाण्यासाठी आली आणि गेली, त्यांच्यात आकडा शिळा झालाय हे नुसत्या वासावरून ओळखणारं माणूस एकच झालं, आणि ते म्हणजे आमच्या रिपोर्टवाल्या आक्का. हे मी कौतुकाच्या भरात बोलत नाही. कौतुक नीट करायला जेवढं शिक्षण लागतं तेवढंही माझ्याजवळ नाही. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. पण डोळ्यांनी पाहिलं ते सांगतो. सकाळी आक्का जिना चढून वर यायच्या. एका हातात डबा, दुसऱ्या हातात मळ्यातून आणलेली मेथीची जुडी नाहीतर शेवंतीची पिशवी. साहेबांच्या केबिनबाहेर भिंतीवर मोठा टीव्ही लावलाय, त्याच्याकडे मान न वळवताच त्या पायरीवरून म्हणायच्या, "आज काहीतरी शिळं वाढलंय रे." आणि आम्ही धावत जाऊन बघावं तर टीव्हीवर खरोखर कालचेच आकडे ताटकळत उभे!

आमचा कारखाना विजेच्या पॅनलसाठी पत्र्याचे डबे करतो. पत्रा किती आला, डबे किती झाले, रंग किती डब्यांना लागला, गाडीत किती भरले, हे ज्याचं त्याने आपापल्या फाईलीत भरायचं. पहाटे एक सॉफ्टवेअर या सगळ्या फाईली घरोघरची दुधाची भांडी गोळा करावीत तसं गोळा करतं आणि टीव्हीवर त्यांचे रंगीत खांब आणि गोल काढून ठेवतं. ह्या गोळा करण्याला रिफ्रेश म्हणतात. गोळा झालं तर कोपऱ्यात हिरवी खूण येते. नाही झालं तर लाल फुली येते, कालचेच आकडे टीव्हीवर राहतात आणि साहेबांचा चहा थंड होतो. कारखान्यातल्या फाईली आणि ते लांब कुठेतरी राहणारं सॉफ्टवेअर यांच्या मधे, पाण्याच्या फिल्टरशेजारी, एक जुना कॉम्प्युटर अहोरात्र चालू ठेवलेला असायचा. बसवणाऱ्यांनी त्याला गेटवे असं नाव दिलं होतं. आक्का त्याला फाटक म्हणायच्या. त्याच्यावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: "हे फाटक आहे. बंद करू नये. यावर चहा ठेवू नये. प्रेमाने पुसूही नये."

आक्कांचं घर मखमलाबादकडचं, मळेवाल्यांचं. फुलं-भाजी पिकवून बाजारात नेणारं कुटुंब. त्या घरातून कॉमर्स शिकून नोकरीला लागलेल्या या पहिल्या. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "स्थळं लय आली, पण त्यांचा एक रकाना आमच्या एका रकान्याशी जुळंना." मी त्यांना आधी मॅडम म्हणायचो. एक दिवस त्यांनी मला थांबवलं. "मला मॅडम म्हणू नको. मॅडम म्हटलं की मला वाटतं आता कोणीतरी सही मागणार." तेव्हापासून आक्का.

मी मूळचा लांबचा, पार गडचिरोली जिल्ह्यातला, वडशाच्याही पुढचा. इथं आलो तो गाडी भरायच्या कामावर. एकदा गाडीतल्या डब्यांचा आणि फाईलीतल्या डब्यांचा मेळ बसेना म्हणून आक्का खाली गाड्या भरायच्या धक्क्यावर आल्या. मी डबे चढवताना मोठ्यानं मोजत होतो, आमच्याकडच्या हेलात. कमरेवर हात ठेवून त्या ऐकत उभ्या राहिल्या, आणि ठेकेदाराला म्हणाल्या, "हा माणूस मला वर पाहिजे. याला मोजताना लाज वाटत नाय." एवढ्या एका शिफारशीवर मी खुर्चीवर बसलो. गाड्यांची फाईल माझ्याकडे आली. माऊस कसा धरायचा इथपासून त्यांनी शिकवलं. हे उपकार मी विसरणार नाही, पण खरं सांगायचं तर त्या खुर्चीची भीतीही मला तेव्हापासूनच लागली. लाल फुली दिसली की मी आधी माझ्याच गाड्या पुन्हा मोजायला बसायचो. वाटायचं, चूक माझ्याच फाईलीत निघणार आणि आपण परत धक्क्यावर. या भीतीपायी मी गावी जाणं पुढं ढकलत राहिलो. दिवाळी गेली, होळी गेली, पुन्हा दिवाळी आली. गावी आई एकटी. दर शनिवारी फोन व्हायचा, आणि आई दर शनिवारी म्हणायची, "सप्पा बेस आहे, बाबू. तू काई फिकर नोको करू." सप्पा बेस म्हणजे सगळं छान. ते ऐकलं की मी पुढच्या शनिवारपर्यंत मोकळा.

तर आक्कांची पद्धत. लाल फुली आली की आधी काय होतं, सगळे कॉम्प्युटरवर त्या फुलीसोबत आलेला इंग्रजी मजकूर वाचायला गर्दी करतात. आक्का वाचायच्या नाहीत. "ते काय रडतंय ते मागाहून बघू. आधी मला सांगा, काल कोणी काय आवरलं?" त्यांचा ठाम सिद्धांत होता की आकडे आपणहून बिघडत नाहीत. "पसारा करणाऱ्या माणसानं आजवर कधी रिपोर्ट पाडला नाही," त्या म्हणायच्या. "पाडतो तो आवरणारा." आणि निघायचंही तसंच. खरेदीखात्यातल्या एका टापटिपीच्या गृहस्थांनी सगळ्या फाईली एका सुंदर फोल्डरात हलवलेल्या असायच्या आणि सॉफ्टवेअर बिचारं जुन्या पत्त्यावर दार वाजवत बसलेलं. कधी कोणीतरी सुरक्षेच्या नावाखाली पासवर्ड बदललेला असायचा. तेव्हा आक्का कपाळाला हात लावून म्हणायच्या, "घराचं कुलूप बदललं, मग घरच्या माणसाला नवी चावी द्यायची का नाही? का त्यानं खिडकीतून यायचं?"

स्टोअरचे भाऊसाहेब हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक. निवृत्तीकडे आलेले, टोपी घालणारे, अतिशय प्रामाणिक. पण त्यांना रिकामा चौकोन दिसला की बोलावंसं वाटायचं. जिथं नगांची संख्या लिहायची तिथं ते लिहायचे, "गाडी पंक्चर, उद्या बघू." सॉफ्टवेअरला 'उद्या बघू'ची बेरीज करता येत नाही, ते तिथंच बसून राहायचं. आक्का खाली जायच्या.

"भाऊसाहेब, आकड्याच्या घरात बोलायचं नाय."

"आक्का, मग सांगायचं कुठं? गाडी पंक्चर झालीच ना."

"शेजारी 'शेरा' म्हणून ओटा बांधून दिलाय तुम्हाला. तिथं पाय सोडून बसा आणि काय वाट्टेल ते बोला. घरात फक्त आकडा."

भाऊसाहेब मान डोलवायचे. पुढचे काही दिवस ओट्यावर जोरात गप्पा चालायच्या. पत्रा ओला आला इथपासून सुनेला ताप आहे इथपर्यंत सगळा मजकूर शेऱ्यात असायचा, आणि आक्का तो सगळा वाचायच्या. मग दुपारी जाऊन विचारायच्या, "ताप उतरला का?"

खंडेनवमीचं तर विचारू नका. आमच्याकडे त्या दिवशी मशिनी बंद करून, धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून पूजा होते. एका वर्षी पेंटिंगमधल्या दोघांना वाटलं, हा फिल्टरशेजारचा गरीब कॉम्प्युटर वर्षभर राबतो, याला कोणी विचारत नाही. त्यांनी भक्तिभावानं तो बंद केला, पाटीसकट पुसला, कुंकू लावलं, माळ घातली आणि सुट्टीवर निघून गेले. दसऱ्यानंतर कारखाना उघडला तर टीव्हीवर नवमीच्या आधीचे आकडे. आता आक्का फाडून खाणार म्हणून आम्ही सगळे भिंतीला चिकटून उभे. आक्का त्या माळ घातलेल्या फाटकासमोर आल्या. हात जोडले. "देवा, झोप झाली असेल तर उठ," म्हणाल्या आणि बटण दाबलं. त्या दोघांना एवढंच विचारलं, "बैलपोळ्याला बैलाला ओवाळता, तेव्हा त्याचा श्वास बंद करता का रे?" त्यानंतर दर खंडेनवमीला त्या स्वतः मळ्यातली शेवंती घेऊन यायच्या आणि चालू फाटकाची पूजा करायच्या. त्याचा दिवा लुकलुकत असायचा, समोर निरांजन लुकलुकत असायचं.

पण सगळ्यांवर कडी म्हणजे पाडव्याची फाईल. दिवाळीच्या पाडव्याला भाऊसाहेब स्टोअरची नवी फाईल उघडायचे. सॉफ्टवेअर फाईलीची पहिली ओळ वाचून ठरवतं की तारीख कुठल्या रकान्यात, माल कुठल्या, नग कुठल्या. भाऊसाहेबांनी वर एक ओळ नवी घातली आणि मधोमध, लाल अक्षरात, ठसठशीत लिहिलं, ॥ श्री ॥. दुसऱ्या दिवशी पहाटे सॉफ्टवेअर नगांचा रकाना शोधायला आलं, त्याला देवाचं नाव भेटलं, आणि ते आल्या पावली परत गेलं. लाल फुली. साहेब म्हणाले, "ती ओळ काढून टाका, विषय संपला." भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. म्हणाले, "साहेब, तुम्ही म्हणाल ते बरोबर. पण नव्या वर्षाच्या पहिल्या ओळीत देव नाय घालायचा, तर मग घालायचा कुठं?"

आक्का खुर्ची ओढून बसल्या. "देवाला उठवायचं नाही," म्हणाल्या. "रिपोर्टला एक पायरी उतरून वाचायला शिकवू." आणि तसं शिकवलं. हिरवी खूण आली. भाऊसाहेब खूश. एवढे खूश की पुढच्या पाडव्याला त्यांनी ॥ श्री ॥ च्या खाली शुभ लाभ घातलं, त्याच्या खाली कुलदैवत घातलं. पुन्हा लाल. मग मात्र आक्कांनी कायमचा बंदोबस्त केला. फाईलीत एक वेगळं पान जोडलं, सगळ्यांत पहिलं, आणि त्याचं नाव ठेवलं 'देवघर'. "इथं श्री लिहा, गणपती लिहा, आरती लिहा. रिपोर्ट या पानावर पाय ठेवणार नाही, माझी जबाबदारी." आमच्या कारखान्याच्या प्रत्येक फाईलीत आजही पहिलं पान देवघर आहे. रंगकामवाल्यांनी आपल्या देवघरात पिराचंही नाव घातलंय. कोणाचीच तक्रार नाही.

आक्कांचा एकच नियम असा होता की जो त्यांनी देवासाठीही मोडला नसता. आकडा ज्याचा त्यानं भरायचा. तुम्ही आजारी असा, लग्नात असा, संप करून बसा, आक्का तुमच्या फाईलीला बोट लावणार नाहीत. साहेबांनी एकदा सांगून बघितलं होतं, "आज तेवढं तुम्हीच टाका." आक्का म्हणाल्या, "साहेब, दुसऱ्याच्या लेकराला मी काजळ लावते, पण त्याचं नाव नाही ठेवत."

आणि त्यांची खरी भीती लालाची नव्हतीच, हे मला उशिरा कळलं. एकदा गणपतीच्या पुढंमागं, दिवसचे दिवस हिरवी खूण येत होती. साहेब शीळ वाजवत फिरत होते. आक्का मात्र मेथीची पिशवी हातातच धरून टीव्हीसमोर उभ्या राहिल्या. रंगकामाच्या खांबाकडे बघत म्हणाल्या, "हा कारखाना आहे का भिंतीवरचा फोटो?" रंगकामाचा आकडा काल जो होता तोच आज, परवा होता तोच काल. शोध घेतला तर निघालं असं की मूळ फाईल उघडायला वेळ लागतो म्हणून तिथल्या लोकांनी तिची नक्कल आपल्या टेबलावर करून घेतली होती आणि रोज त्या नकलेत भरत होते. मूळ फाईल रिकाम्या घरासारखी पडून. सॉफ्टवेअर रोज पहाटे इमानानं त्या रिकाम्या घरात जायचं, तेच शिळं उचलायचं, आणि वर हिरवी खूण करायचं. दार उघडं मिळालं ना, मग झालं तर.

त्या दिवशी आक्कांनी मला जवळ बसवलं. "तू लालाला घाबरतोस ना? वेडा आहेस. लाल म्हणजे पोर रडतंय. रडतंय म्हणजे जिवंत आहे, भूक लागलीय, हाक मारतंय. उठायचं आणि बघायचं. हिरवं असून रोज तेच ते आलं, की मग घाबर." मी मान डोलावली. समजलं होतं असं नाही.

समजलं ते एका शनिवारी. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमागच्या कडुलिंबाखाली मी आईशी बोललो आणि फोन खिशात टाकला. शेजारी आक्का भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन बसल्या होत्या.

"काय म्हणते आई?"

"सप्पा बेस."

"मागच्या शनिवारी काय म्हणाली?"

"तेच."

"आणि गणपतीत?"

"आक्का, आई दर वेळी तेच म्हणते." मी हसलो.

आक्का हसल्या नाहीत. ठेच्याचं बोट तसंच हवेत. "एवढा पाऊस झाला. भातलावणीत माणसाची कंबर मोडते. घर गळतं, शेजारीण भांडते, शेळी हरवते. तुझ्या आईचं काहीच कसं बिघडत नाय?"

मला राग आला. म्हणालो, "चांगलं चाललंय तर चांगलं म्हणते."

"ती फोन कुठून करते?"

"टेकाडावरून. घरात रेंज नाही. टेकाडावर चढलं की लागते."

"मग वाऱ्याचा आवाज येत असेल."

"लय येतो. म्हणजे..." मी थांबलो. "यायचा."

"आता कसला येतो?"

मी डोळे मिटून आठवायला लागलो. आताच तर बोललो होतो. आईच्या आवाजामागं काहीतरी होतं, एका लयीत. "पंख्याचा," मी म्हणालो. "कटकट कटकट करतो ना, तसल्या पंख्याचा."

"तुमच्या घरी पंखा आहे?"

आमच्या घरी वीज आहे ती एका दिव्यापुरती. कौलांखाली पंखा लावायला जागाच नाही. हे मी आक्कांना सांगितलं की नाही ते आठवत नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि डब्याचं झाकण लावलं. एकदम हळू आवाजात, फाटकाशी बोलतात तशा, म्हणाल्या, "फाईल हलवलीय रे. कोणीतरी आवरलंय. जा, बघून ये."

जा म्हणणं सोपं होतं. दिवाळीच्या आधीचे दिवस, गाड्यांवर गाड्या निघत होत्या, आणि धक्क्यावरून वर आलेल्यांपैकी कोणाला कायम करायचं ते त्याच महिन्यात ठरणार होतं. मी गेलो तर माझी फाईल रिकामी, टीव्हीवर माझा खांब झोपलेला, आणि माझं नाव कोण घेणार? पण आक्का मला हाताला धरून केबिनमध्येच घेऊन गेल्या. साहेब म्हणाले, "जाऊ दे त्याला, पण ऐन गर्दीत त्याची फाईल भरणार कोण?"

आक्का म्हणाल्या, "मी."

केबिनमध्ये चहा देणारा माणूससुद्धा कप तसाच धरून उभा राहिला. साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही? दुसऱ्याचे आकडे?"

"दुसऱ्याचे नाहीत," आक्का म्हणाल्या. "त्याला मोजायला मी वर आणलंय."

नाशिकरोडवरून गाडी, मग दुसरी गाडी, वडशाला उतरून बस, पुढं काळीपिवळी. घराला कुलूप होतं. अंगणात कमरेएवढं गवत. शेजारीण मला बघून तोंडावर पदर धरून रडायलाच लागली. तिनं सांगितलं तसा तालुक्याच्या गावी मावशीकडे पोचलो तर सिमेंटच्या खोलीत, कटकट करणाऱ्या पंख्याखाली, आई खाटेवर. मांडीपासून पाय बांधलेला. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच ती बोअरिंगवर, म्हणजे हातपंपावर, घसरली होती. मला बघून तिनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर मावशीला ओरडली, "कोनी सांगतला याले?"

मी म्हणालो, "पंख्यानं."

"सांगतला असता त तू काम सोडून आला असता," आई म्हणाली. "खुर्चीवरचं काम. आपल्या घरात कोनी खुर्चीवर बसला नाई आजवर." आणि मग माझा हात धरून, इतके महिने फोनवर न रडलेली, सगळी एकदम रडली. मला आक्का आठवल्या. रडतंय म्हणजे जिवंत आहे. मी तिच्याबरोबर रडलो.

आईचा पाय सुटून ती काठीवर चालायला लागेपर्यंत मी तिथं राहिलो. आक्कांचा फोन यायचा. त्यांनी एकदाही सगळं ठीक आहे असं म्हटलं नाही. "इथं सगळी बोंब आहे. भाऊसाहेबांनी शेऱ्यात घरातल्या जावाजावांचं सगळं भांडण लिहिलंय. फाटकावर कोणीतरी चहा ठेवला. तुझ्या गाडीवाल्यांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. तू ये तेव्हा ये." ऐकून इतकं बरं वाटायचं! एक दिवस म्हणाल्या, आईला दे फोन. या दोघी एकमेकींना कधी भेटलेल्या नाहीत. आक्कांनी माझ्या आईला सांगितलं, "आई, यापुढं दर शनिवारी एक तरी तक्रार सांगायची. तक्रार नाही आली, तर तुमचा लेक काम टाकून गाडीत बसणार, आणि त्याला मीच बसवणार." आईनं हे फार मनावर घेतलं. अजूनही घेते. ती आपल्या घरी परत गेली, काठी टेकत टेकाडावर जाते आणि तक्रार सांगते. शेजारणीची कोंबडी अंगण उकरते. सरपंच हसत नाही. गुडघा वाजतो. एखाद्या शनिवारी काहीच नसलं तर म्हणते, "थांब, सोचू दे," आणि मागं वारा घोंघावत असतो. माझ्याकडे येऊन राहा म्हटलं तर येत नाही. "तुह्या शहरात सप्पा दारं बंद असतेत." मी इथं, ती तिथं, मधे अख्खा महाराष्ट्र आडवा. पण आता मला माहीत असतं, तिचं काय दुखतंय.

परत आलो तेव्हा माझी फाईल उघडून बघितली. एकही गाडी चुकलेली नव्हती. प्रत्येक ओळीच्या शेऱ्यात आक्कांनी लिहिलं होतं, "आक्काने भरले. चूक असेल तर आक्काची." त्या शेऱ्यांखाली मी पहिली गाडी भरली आणि शेऱ्यात लिहिलं, "मी आलो." माझं नाव कायम झालेल्यांत होतं. आक्कांना पेढे द्यायला गेलो तर म्हणाल्या, "पेढा ठेव. फिल्टरचं पाणी फाटकाकडे ओघळतंय, ते आधी पूस."

यथावकाश आक्का निवृत्त झाल्या. शाल-नारळ झालं. साहेब भरपूर बोलले. आक्का उठल्या आणि फक्त फाटकाविषयी बोलल्या, मुलगी सासरी पाठवताना तिच्या खाण्यापिण्याच्या सवयी सांगाव्यात तसं. मखमलाबादचा मळा तोवर वाटण्यांत गेला होता, फ्लॅटवाल्यांच्या भिंती तिथं उभ्या राहत होत्या. आक्का पेठच्या पुढं, डोंगरात, भाच्याकडे राहायला गेल्या. त्यांच्या जागी आलेली मुलगी हुशार आहे. लाल फुली आली की इंग्रजी मजकूर भराभर वाचते आणि लगेच दुरुस्त करते. चांगलं काम आहे तिचं. पण सकाळी जिन्यावरून मेथीचा वास येत नाही, आणि काल कोणी काय आवरलं हे आम्हाला कोणी विचारत नाही. भाऊसाहेबही गेले निवृत्त होऊन. शेऱ्याचा ओटा रिकामा असतो. खंडेनवमीला फाटकासमोर निरांजन मी लावतो. शेवंती बाजारातून विकत आणावी लागते.

सुरुवातीला पेठहून फोन यायचे तेव्हा नुसता गोंधळ असायचा. बोलता बोलता आक्का मधेच ओरडायच्या, "अरे ती नागली वाळत घातलीय, कोंबड्या हाकल!" भाच्याची पोरं भांडायची. भाचेसून भांडं आपटायची आणि आक्का फोनवरच मला सांगायच्या, हिला झाकण लावायची सवय नाही, हिच्या मिठाच्या बरणीत मुंग्या झाल्यात. तक्रारीमागून तक्रार. मी पोटभर ऐकायचो.

आता मीच फोन करतो. आक्का उचलतात. म्हणतात, "मी मजेत आहे. तू फाटकाकडे बघ." मी विचारतो, तब्येत? "मजेत आहे." भाचा, पोरं? "मजेत आहेत. तू फाटकाकडे बघ." दिवाळीला हेच म्हणाल्या, संक्रांतीला हेच, होळीला हेच. मी म्हटलं, "आक्का, एक तरी तक्रार सांगा." तर हसल्या. "या वयात मला कसली रे तक्रार?" त्या हसून थांबल्या आणि मी फोन कानाला घट्ट दाबून ऐकत राहिलो. कोंबड्या नाहीत. पोरं नाहीत. भांडं नाही. मागं कसलाच आवाज नव्हता.

टीव्हीवरची हिरवी खूण बघून मी फाटक त्या नव्या मुलीच्या हवाली केलंय. रविवारी सकाळी पेठच्या गाडीत बसणार आहे. त्यांना कळवलेलं नाही. पिशवीत मेथीची जुडी घेईन, आईनं पाठवलेली मोहाची फुलं घेईन. घाट चढून त्या घरापाशी जाईन आणि दार वाजवीन. दुसरं काही मागणं नाही. दार आक्कांनीच उघडावं, आणि न कळवता, काम टाकून आलो म्हणून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मला फाडून खावं.